सई, बँकेचं एवढं ऐक

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू नुसतं "हो गं आई" म्हणतेस आणि मागे मसाला कुटायच्या डंकाचा दणदणाट चालू असतो, म्हणून लिहून पाठवतेय. रात्री शटर ओढलंस की वाच.

बँकेने तुला "कागद वाचवा" म्हणून सांगितलं, ते ऐकच. त्यात त्यांचाही छपाईचा आणि टपालाचा खर्च वाचतो, हे मी आयुष्यभर बँकेत काढून सांगते, पण म्हणून सल्ला वाईट ठरत नाही. स्टेटमेंट ई-मेलवर घे, आणि आलं की उतरवून त्या त्या वर्षाच्या फोल्डरमध्ये टाक. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात आणि ते कॉम्प्युटरवर ठेवायला कायद्याची ना नाही. बरेच दुकानदार हे करत नाहीत, मग नोटीस आली की शाखेत येऊन सगळ्या वर्षांची स्टेटमेंटं छापून मागतात. तिथे वाचवलेला कागद व्याजासकट जातो.

कार्ड मशीनची पावती गिऱ्हाईकाने मागितली तरच काढ. तो थर्मल कागद. त्यावर रसायनाचा थर असतो, म्हणून साध्या रद्दीत तो मिसळू नये. शिवाय काही महिन्यांत अक्षरं उडतात.

चेकचं तुला नवल वाटेल. मी क्लिअरिंगला, म्हणजे बँकाबँकांतले चेक वटवण्याच्या कामाला, होते तेव्हा चेकांचे गठ्ठे बांधून क्लिअरिंग हाऊसला जायचे. २०१३ मध्ये मुंबईत चेक ट्रंकेशन आलं, तेव्हापासून बँकाबँकांमध्ये चेकची फक्त प्रतिमा फिरते. पण तुझा चेक लालबागहून वाशीच्या मसाला बाजारात कोण पोचवतं? दुकानातला पोरगा, स्कूटरवर, भर ट्रॅफिकमध्ये पेट्रोल जाळत. खात्यातून खात्यात पैसे पाठवायची एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास चालू आहे, रविवारीसुद्धा. मिरची-धण्याच्या व्यापाऱ्यांचे पैसे आठवड्यातला एक वार ठरवून एकदम पाठव. फक्त "आमचं खातं बदललंय" असा मेसेज आला तर आधी व्यापाऱ्याला त्याच्या जुन्या नंबरवर फोन लाव, मगच पैसे.

"रोकड घेतली जाणार नाही" अशी पाटी मात्र लावू नकोस. उन्हाळ्यात मिरच्यांची पिशवी घेऊन येणाऱ्या आज्या पदराच्या गाठीतून नोटा काढतात, त्यांना क्यूआर दाखवून काय करशील? रोकड भरायला मुद्दाम टॅक्सीने जाऊ नकोस, एवढंच.

आता खरं सांगू? कागदाची बचत मला कधी फार मोठी वाटली नाही. तुझा पैसा कुठे पडून राहतो आणि तू कर्ज कशासाठी काढतेस, यातून जास्त फरक पडतो.

मसाल्याचा हंगाम मेअखेर संपतो. तेव्हा जमलेला पैसा तुला पुढच्या फेब्रुवारीत मिरची भरायला लागतो. तोवर तो करंट अकाउंटला शून्य व्याजावर बसतो. त्यातला थोडा हरित ठेवीत टाक. रिझर्व्ह बँकेची या ठेवींची चौकट १ जून २०२३ पासून लागू आहे. हा पैसा बँकेने सौरऊर्जा, स्वच्छ वाहतूक, पाणी-कचरा व्यवस्थापन अशाच कामांना द्यायचा, कोळसा-तेल काढायला नाही, आणि दरवर्षी त्रयस्थाकडून तपासून घ्यायचा असं बंधन आहे. पाच लाखांपर्यंतचा ठेव विमा हिलाही आहे. आपल्या जुन्या सहकारी बँकेत मात्र विचारू नकोस; ही चौकट नागरी सहकारी बँकांना लागू नाही. दुसऱ्या बँकेत या ठेवीवर व्याज फारच कमी देत असतील तर साधी ठेव कर. धंदा आधी.

आणि ज्यासाठी तू कर्ज काढतेयस तो दुसरा डंक. स्वस्तात मिळतोय म्हणून जुनी, आतली तार दोनदा नव्याने गुंडाळलेली मोटर घेऊ नकोस. पाच हॉर्सपॉवर म्हणजे ३.७ किलोवॅट. समज, जुन्या मोटरची कार्यक्षमता ८० टक्के आणि नव्या आयई-३ ची, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या दर्जाच्या मोटरची, ८८. पूर्ण भाराने आठ तास चालली तर दिवसाला तीन-साडेतीन युनिटांचा फरक. ते बेस्टच्या बिलात दिसतं, आणि ट्रॉम्बेला वीज करायला आजही कोळसा जळतो. छतावर सोलर लाव असं मी म्हणणार नाही. आपल्या गाळ्याच्या डोक्यावर चार मजले दुसऱ्यांचे आहेत.

मॅनेजरला स्पष्ट विचार: कमी वीज खाणाऱ्या यंत्राला व्याजात सवलत आहे का? सिडबीच्या, म्हणजे लघुउद्योगांसाठीच्या बँकेच्या, अशा कर्जयोजना आहेत, पण तू विचारल्याशिवाय कुणी पुढे करत नाही. स्टेटमेंटच्या झेरॉक्सचा गठ्ठाही नेऊ नकोस. अकाउंट अॅग्रिगेटर म्हणजे बँकांमध्ये खात्याची माहिती पोचवणारी सेवा, तिच्यावर संमती दिलीस की बँक ती थेट दुसऱ्या बँकेकडून मागवते. संमती मात्र ठरावीक मुदतीचीच दे.

कोटेशन आलं की सही करण्याआधी मला पाठव, मी हप्ता आणि विजेचं बिल एकत्र मांडून बघते. मोटरवरच्या पाटीचा फोटोही पाठव, विक्रेत्याचं तोंडी बोलणं नको.

तुझी,
आई