जेटिंगला बोलावलं होतं, पोराला चेंबरमध्ये उतरवायला नाही

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: शनिवारी आमच्या सोसायटीत झालेलं ड्रेनेज लाइनचं जेटिंग (मशीनने जोरात पाणी मारून सफाई), त्यामुळे झालेलं नुकसान आणि तुमच्या कामगाराच्या जिवाशी झालेला खेळ

नमस्कार,

मी पार्ल्याला राहते. आमची बिल्डिंग जुनी, तळमजला आणि वर तीन मजले, आणि कमिटीत पाणी-ड्रेनेजचं माझ्याकडे असतं म्हणून तुम्हाला फोन मीच केला होता. शनिवारपासून कस्टमर केअरला दोनदा फोन करून झाला, दोन्ही वेळा "कम्प्लेंट नोट केलीये मॅडम" एवढंच उत्तर. म्हणून आता सगळं पहिल्यापासून लिहिते, कारण तुमच्या सुपरवायझरने ऑफिसात काय सांगितलंय ते मला माहीत नाही.

आमच्याकडे दरवर्षी पावसाआधी एक माणूस बांबूच्या कामट्या घेऊन यायचा. कामटीने चोकअपला भोक पडतं, पाणी उतरतं, पण पाइपच्या आतल्या बाजूला तेलातुपाचा जो मेणचट थर बसलेला असतो तो तसाच राहतो आणि दोन-तीन महिन्यांत परत तेच. कामटी कमी पडली की तो माणूस स्वतः चेंबरमध्ये उतरायचा, छातीपर्यंत, आणि आम्ही गॅलरीतून बघायचो. मला ते बघवत नाही, खरंच नाही बघवत. म्हणून या वेळी मीटिंगमध्ये मी हट्ट धरला की मशीनवालेच बोलवायचे, कोणालाही आत उतरवायचं नाही. ८,५०० रुपये पुष्कळांना जास्त वाटले, मी भांडून पास करून घेतले. तुमच्या कोटेशनमध्ये कॅमेरा टाकून तपासणी असं स्पष्ट लिहिलंय, ४,००० ॲडव्हान्स तुम्हाला त्याच दिवशी पाठवला.

शनिवारी तिघं आले, कॅमेरा आणलाच नव्हता. विचारलं तर "दुसऱ्या साइटवर आहे". ठीक आहे म्हटलं, तिथे मी चुकले, तेव्हाच परत पाठवायला हवं होतं.

आता मुख्य गोष्ट. मी काही इंजिनिअर नाही, पण एवढी वर्षं हे बघतेय तेव्हा एवढं कळतं की लाइन तुंबली असेल तर मशीनचा पाइप खालच्या, रिकाम्या चेंबरमधून घालायचा आणि वर न्यायचा. त्याच्या तोंडाला लावलेल्या नोझलला मागच्या बाजूला भोकं असतात, त्या पाण्याच्या जोरावर नोझल पुढे सरकतं आणि गाळ मागे खाली येतो, मग तो तिथून काढायचा. आमचा गेटजवळचा शेवटचा चेंबर कोरडा होता, मी स्वतः झाकण उघडून दाखवला. पण गाडी गेटपासून मागे न्यायला सोपी पडते म्हणून तुमच्या सुपरवायझरने मागच्याच चेंबरमधून पाइप घातला, जो आधीच काठोकाठ भरलेला होता. मशीन मिनिटाला ४० लिटर पाणी मारतं असं तोच म्हणाला होता. दहा मिनिटं चालवलं, म्हणजे ४०० लिटर, पुढे वाट बंद, मग ते पाणी जाणार कुठे? जिथे सगळ्यात खाली तोंड उघडं तिथे, म्हणजे तळमजल्यावरच्या आजींच्या मोरीत. न्हाणी ट्रॅपची जाळी उडून बाजूला पडली आणि काळं पाणी मोरीतून थेट स्वयंपाकघरात.

आजी ७८ वर्षांच्या, एकट्या राहतात. जूनची सुरुवात, सगळी बेगमी ओट्याखाली खालच्या फळीवर ठेवलेली, मे महिन्यात उन्हात वाळवलेल्या कुरडया, पापड, वर्षाचा मालवणी मसाला, आमसुलं. कापडाने तोंड बांधलेल्या त्या डब्यांत गटाराचं पाणी शिरलं. मी धावत गेले तेव्हा त्या एका हाताने ओटा धरून दुसऱ्या हाताने डबे वर उचलत होत्या, पायाखाली चार बोटं पाणी. सगळं फेकलं. मसाल्याचे पैसे भरून देता येतील हो, पण या वयात त्या मिरच्या परत कोण भाजणार? आणि तुमच्या माणसांनी साधं एक फडकंसुद्धा मारलं नाही, आम्हीच बायकांनी रात्री दहापर्यंत फिनाइल टाकून घासलं.

आणि याच्याही पुढचं, ज्याच्यासाठी खरं तर मी हे पत्र लिहितेय. मी आजींच्या घरातून बाहेर आले तर मशीन बंद, आणि तुमच्या तिघांतला सगळ्यात लहान पोरगा, असेल वीस वर्षांचा, शर्ट काढून चेंबरच्या काठावर पाय सोडून बसलेला. सुपरवायझर म्हणतोय उतर, हाताने काढ. ग्लोव्हज नाही, दोर नाही, पायात रबरी चप्पल, आणि चेंबरला सडक्या अंड्याचा वास येत होता. हा वास ज्या गॅसचा असतो तो वाढला की नाकाला वास कळेनासाच होतो आणि माणूस आतच पडतो, हे तुमच्या धंद्यातल्या माणसाला मी सांगायचं? मी ओरडले तेव्हा "मॅडम, पाच मिनटांचं काम आहे, रोजचंच आहे". २०१३ चा कायदा आहे, सुरक्षेच्या साधनांशिवाय गटारात माणूस उतरवला तर पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गटारात माणूस मेला तर घरच्यांना ३० लाख द्यायचे असं सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये सांगितलंय. काम थांबवायला मी लावलं, ते अर्धवट राहिलं म्हणून तुम्ही सोसायटीला बिल पाठवलंत, ते आम्ही भरणार नाही.

दुसऱ्या दिवशी ओळखीतून दुसरे एक जण आले, आधी गेटकडून कॅमेरा आत घातला. दहा मिनिटांत कळलं की दुसऱ्या आणि तिसऱ्या चेंबरच्या मध्ये टाइलचा तुकडा आडवा बसलाय आणि त्यावर तेलाचा थर. तिसऱ्या मजल्यावर मार्चमध्ये रिनोव्हेशन झालं त्यातला तो, ती चूक आमची, त्यांना सोसायटीने वेगळं पत्र दिलंय. मग गेटकडूनच बेताच्या प्रेशरवर नोझल त्या तुकड्याच्या पलीकडे नेऊन मागे ओढत आणलं, कारण आमचे पाइप बिडाचे, जुने. तुकडा शेवटच्या चेंबरमध्ये आला आणि लांब चिमट्याने वर काढला. आत कोणीही उतरलं नाही, पाऊण तासात काम झालं.

तेव्हा ॲडव्हान्सचे ४,००० परत पाहिजेत, पाठवलेलं बिल रद्द पाहिजे, आणि आजींच्या नुकसानीचे ६,२०० द्यायचे, यादी आणि फोटो सोबत जोडलेत. त्या सुपरवायझरवर काय कारवाई केलीत ते लेखी कळवा. १५ दिवसांत उत्तर आलं नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकून पुढे ग्राहक आयोगात जाणार, कमिटीचा तसा ठराव झालाय.

अजून एक. तो पोरगा आमच्याकडे हातपाय धुवायला आला होता, चहा दिला तर कप तसाच हातात धरून उभा राहिला आणि मला विचारलं, "ताई, आज काम झालं नाही तर माझी हजेरी कापतील का?" मी त्याला म्हटलं नाही कापणार, मी बोलते ऑफिसशी. त्याची शनिवारची हजेरी पूर्ण लावलीत का, ते पैशांच्या आधी मला कळवा.

कमिटी सदस्य,
विलेपार्ले पूर्व, मुंबई