इसार परत करा, बाबा

ऐरोली, शुक्रवार

ती. बाबा, ती. आई,
सा. न.

अवीच्या हाती चिठ्ठी पाठवतेय. फोनवर पैशाचा विषय निघाला की बाबा फोन आईकडे देतात आणि आई भाजीचे भाव सांगत बसते.

अवीच्या शिक्षण कर्जाच्या कागदांवर काल मी सह-कर्जदार म्हणून सही केली. ७ लाख. तेव्हा जांभळीखालचा जमिनीचा तुकडा विकायचा नाही. काकांनी आणलेल्या माणसाकडून इसार घेतला असेल तर परत करा.

रागावू नका, आधी पुरतं वाचा. बँकेला कमावता माणूस हवा असतो आणि बाबांची पेन्शन केवढी ते आपल्याला माहीत आहे. साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, म्हणून मुद्दाम त्याच्या आतच थांबले. घराचे कागद निळ्या बॅगेतच राहू देत. शाहू महाराज शिष्यवृत्तीत अवीची निम्मी शिक्षण फी सुटते. उरलेली फी, पुण्याचं होस्टेल, मेस आणि लॅपटॉप धरून हा आकडा आला. (तो मुलगी असता तर २०२४ पासून सगळीच सुटली असती. मी जरा घाईने जन्मले.)

माझ्या वेळी काय झालं आठवतंय ना? घेतले ४ लाख. शिकताना व्याज भरत गेलं तर बरं, हे आपल्याला कोणी सांगितलं नाही. हप्ता सुरू झाला तेव्हा ५ लाख ६८ हजार झाले होते. मग ७ वर्षं दरमहा दहा हजार. अवीचं व्याज मी पहिल्या महिन्यापासून भरणार. पहिल्या वर्षी महिन्याला दीड हजारसुद्धा नाही, चौथ्या वर्षी पावणेसहा हजारांच्या आसपास. मुद्दल त्याचं त्याने फेडायचं, कोर्स संपून वर्ष झालं की. तसं बजावलंय त्याला. आणि बाबा, तुम्ही विचारणारच म्हणून सांगते, भावाच्या कर्जाचं व्याज शिक्षण कर्जाच्या टॅक्स सवलतीत बसत नाही. टॅक्स वाचणार नाही. चालेल मला.

उलव्याचं घर दोन वर्षं पुढे गेलं ते यामुळे नाही. बरं, थोडं यामुळेही. पण समीरला पटलंय, आणि सासूबाईंना मी आधीच विचारलं होतं. त्या म्हणाल्या, भावासाठीच करतेस ना, मग विचारायचं काय त्यात? "लेकीच्या पैशावर" हे शब्द मात्र पुन्हा नकोत. पाटल्या मोडल्या तेव्हा आईने असा हिशेब केला नव्हता.

२०११ साली बँकेत तुम्ही लग्नातला शर्ट घालून आला होतात. रात्रपाळी करून, वागळे इस्टेटमधून थेट घरी, अंघोळ आणि परत बाहेर. दोन तास बाकावर बसवलं आपल्याला. साडीच्या दुकानाच्या पिशवीत लाइट बिलं, रेशनकार्ड, सगळं घडी घालून. सही करताना चौकट लहान पडली आणि आडनाव रेघेबाहेर गेलं, तर तुम्ही साहेबाला म्हणालात, "चालेल ना?" काल माझंही आडनाव रेघेबाहेर गेलं. सासरचं असूनही.

आणि ७ वर्षं दर ५ तारखेला तुमचा फोन. "हप्ता गेला ना?" त्यापुढे एक शब्द नाही. तेव्हा चिडायचे मी.

आता कामाचं. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला या आठवड्यात सेतूमधून काढा, महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा फॉर्म त्याशिवाय भरता येत नाही. अवीचं बँक खातं आधारला जोडलंय का तेही बघा. आई, स्टेशनपासून किसननगरपर्यंत बाबांनी चालायचं नाही, गुडघ्याकडे बघा जरा. रिक्षाचे पैसे डब्यात ठेवून आलेय, साखरेच्या नव्हे, रव्याच्या.

बाबा, बीपीची गोळी अर्धी करून घेताय, ते मला कळलंय. मागच्या वेळी फ्रिजवरच्या पट्टीत अर्धे तुकडे होते. पैसे वाचवायचे तर जनऔषधी दुकानातून आणा, तीच गोळी स्वस्तात मिळते, डॉक्टरांना एकदा विचारून घ्या. पण अख्खी घ्यायची.

रविवारी अकराच्या गाडीने येते. साधी आमटी पुरे, वांगी भरत बसू नकोस. पट्टी बघणार आहे मी.

तुमची,
ताई (अवी हेच म्हणतो, आता तुम्हीही)