बॅट लागली नाही म्हणून सरांना घरी?

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

माझी पुतणी इथे नाशकात शाळेच्या टीममधून सॉफ्टबॉल खेळते. गेल्या महिन्यात टीम सलग तीन मॅच हरली आणि संस्थेने त्यांच्या सरांना घरी बसवलं, कारण काय तर मुलींना रन काढता आले नाहीत. आता बॅट घेऊन सर उभे राहणार होते का?

मला सॉफ्टबॉलसारख्याच बेसबॉलचं वेड, पहाटे उठून अमेरिकेतल्या मॅच बघतो. तिकडे टीम चालवणाऱ्याला मॅनेजर म्हणतात आणि टीम हरली की पहिला तोच जातो. 1988 ला बाल्टिमोर ओरिओल्स पहिल्या सहा मॅच हरले तर लगेच कॅल रिपकन सीनियरला काढलं आणि फ्रँक रॉबिन्सनला आणलं, खेळाडू म्हणून 586 होम रन, म्हणजे आपल्या सिक्सरसारखे फटके, मारलेला माणूस, तरी टीम पुढच्या 15 हरलीच, लागोपाठ 21! मिसळ खाताना मित्र मला उलटं ऐकवतात, की 2022 ला फिलीज टीमने 22 जिंकून 29 हरल्यावर मॅनेजर जिरार्डीला काढलं आणि जवळपास त्याच खेळाडूंना घेऊन नवा मॅनेजर रॉब थॉमसन वर्ल्ड सिरीजपर्यंत, म्हणजे तिकडच्या फायनलपर्यंत गेला. गेला की, मी कुठे नाही म्हणतो. पण बॅट लागणं मॅनेजरच्या हातात नसतं, पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, कधी बदलायचा हे मात्र पूर्ण त्याच्या हातात असतं. 2003 ला बोस्टनचा मॅनेजर ग्रेडी लिटलने आठव्या इनिंगमध्ये 5-2 पुढे असताना दमलेला पिचर पेड्रो मार्टिनेझला ठेवलं, समोरच्या यांकीज टीमने बरोबरी केली आणि शेवटी मॅचही नेली. लिटलला पुढचं कॉन्ट्रॅक्ट मिळालं नाही, ते मला पटतं.

आमच्या सरांचीही चूक तीच होती हो. तिसऱ्या मॅचला पाचव्या इनिंगपासून पिचर मुलगी दर बॉलनंतर खांदा दाबत होती, सलग तीन वॉक दिले, म्हणजे चुकीचे बॉल टाकून समोरच्यांना फुकट बेस दिला, बाकाजवळ दुसरी पोरगी ग्लोव्ह घालून कधीची उभी, आणि सर आपले स्कोअरशीटमध्ये डोकं घालून. याबद्दल संस्थेत कोणी एका शब्दाने विचारलं नाही, सगळी चर्चा रन किती झाले याचीच.

आता नवीन सर आलेत, त्यांनाही रिझल्ट दाखवा एवढंच सांगितलंय म्हणे. परवा पहिली मॅच झाली, सातही इनिंग त्याच मुलीने टाकल्या.

एक वाचक,
पंचवटी, नाशिक