बापू, दुकानाचं मशीन फॉरमॅट करू देऊ नकोस

नाशिक,
२० जानेवारी २०२६

प्रिय बापू,

परवा फोनवर तू म्हणालास की रविवारी तो रिपेअरवाला पोरगा येणार, मशीन फॉरमॅट मारणार आणि विंडोज ११ टाकून देणार, तासाभराचं काम आहे म्हणतोय. तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच चाललंय. फोनवर सांगायला गेलो तर अर्धं राहतं आणि तुझ्या काउंटरवर गिऱ्हाईक थांबलेलं असतं, म्हणून सगळं लिहूनच पाठवतोय, दुकान बंद केल्यावर निवांत वाच.

आधी मुद्द्याचं. रविवारी त्याला येऊ देऊ नको. त्या मशीनमध्ये तुझं जे खरं आहे ते विंडोज नाही, उधारी आहे. द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीपासून पिंपळगावच्या निम्म्या बागायतदारांना तू औषधं, खतं दिलीस ती सगळी टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि पैसे येणार माल निघाल्यावर. म्हणजे आत्ता जानेवारीत सगळ्यात जास्त पैसा त्या डबड्यात आहे, आणि नेमकं आत्ताच ते कोरं करायचं म्हणतोय तो. अरे फॉरमॅट म्हणजे छाटणी नव्हे, बाग मुळासकट उपटून नवी लावणं आहे. अपग्रेडला फॉरमॅट लागतच नाही. विंडोज १० वर बसूनच ११ चढवता येतं, फाईली आणि प्रोग्रॅम जागच्या जागी राहतात. फक्त तुझं १० हे ३२ बिटचं असेल तर मात्र नव्यानंच टाकावं लागतं, कारण ११ फक्त ६४ बिटमध्येच येतं. ते सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउटमध्ये लिहिलेलं असतं, बघून घे.

आता घाईचं बघू, कारण सपोर्ट संपल्याच्या त्या मेसेजनं तू घाबरलायस. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे खरं, त्यानंतर साध्या मशीनला सिक्युरिटी अपडेट येत नाहीत, आणि जीएसटी, बँक सगळं त्याच मशीनवरून करतोस म्हणजे असंच वर्षानुवर्षं चालवायचं नाही हेही खरं. पण मायक्रोसॉफ्टनं घरगुती मशीनला एक वर्षाची मुदत दिली आहे, ईएसयू म्हणतात तिला, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर एनरोलची लिंक दिसेल, मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं साइन इन करून सेटिंग्जचं बॅकअप चालू ठेवलं की फुकट मिळते, फक्त विंडोज १० चं व्हर्जन २२एच२ पाहिजे. हे आज रात्रीच करून टाक, दहा मिनिटांचं आहे. मग कोणाच्या घाईनं काही करायची गरज उरत नाही.

वेळ आपण ठरवू. माल निघू दे, वसुली होऊ दे, मार्च एंडिंग होऊ दे. एप्रिलच्या खरड छाटणीची गर्दी ओसरली की मेमध्ये करू, खरिपाचं बियाणं यायच्या आत. त्यातही २१ तारखेनंतर, म्हणजे जीएसटीचं ३बी रिटर्न भरून झालेलं असेल आणि पुढच्या महिन्याच्या ११ पर्यंत आर१ रिटर्नचं टेन्शन नाही. मेमध्ये अवकाळी आणि लाईटची बोंब असते तुमच्याकडे, तेव्हा यूपीएसची बॅटरी आधी तपासून घे, अपग्रेड अर्ध्यात असताना लाईट जाणं हीच एक गोष्ट मला नको आहे.

तोपर्यंत तू बॅकअपचं बघायचं, आणि बापू इथं मी जरा जास्त लिहिणार आहे कारण बाकी सगळं चुकलं तरी निस्तरता येतं, हे चुकलं तर नाही. तू म्हणालास "बॅकअप आहे की, पेनड्राईव्हला रोज घेतो." घेतोस हे चांगलंच, पण तो उघडून कधी बघितलायस का? एक काम कर. टॅलीत ऑल्ट वाय दाबून बॅकअप घे. मग टॅली बंद करून डेटाचा अख्खा फोल्डर, ज्यात आकड्यांच्या नावाचे फोल्डर असतात तो, वेगळा कॉपी कर, टॅली चालू ठेवून कॉपी केलं तर अर्धवट फाईल येऊ शकते. आता तो पेनड्राईव्ह घेऊन वहिनींच्या लॅपटॉपवर जा, तिथं टॅली एज्युकेशनल मोडमध्ये टाक, त्याला पैसे लागत नाहीत, आणि बॅकअप रिस्टोअर कर. टॅलीचं व्हर्जन दोन्हीकडे एकच ठेव. उघडलं की तीन गोष्टी ताड: शेवटच्या बिलाचा नंबर दुकानातल्याशी जुळतो का, येणे बाकीची एकूण रक्कम पैशासकट तीच आहे का, आणि तुझ्या सगळ्यात मोठ्या दोनतीन उधारीवाल्यांची खाती उघडून ओळन् ओळ बरोबर आहे का. तिन्ही जुळलं तरच तो बॅकअप, नाहीतर ती नुसती फाईल आहे.

त्याशिवाय एमजी रोडवरून एक टीबीची एक्स्टर्नल डिस्क मी घेऊन ठेवतो. अपग्रेडच्या आदल्या दिवशी रेस्क्यूझिला नावाचं फुकट सॉफ्टवेअर पेनड्राईव्हवरून चालू करून अख्ख्या मशीनची इमेज काढू, म्हणजे अगदीच वाईट झालं तर मशीन जसंच्या तसं मागं नेता येतं, टॅलीचं लायसन्स, प्रिंटरचं सेटिंग, मराठी फॉन्ट सगळ्यासकट. ती डिस्क मग दुकानात ठेवायची नाही, घरी कपाटात. आणि वनड्राईव्हमध्ये आहे म्हणून निर्धास्त राहू नको, इथून फाईल डिलीट झाली तर तिथूनही जाते, आणि फुकटात जागा मिळते ५ जीबी.

मशीन ११ ला चालेल का, तर तुझा आय५ आठव्या जनरेशनचा आहे म्हणजे प्रोसेसर पास. रॅम ४ जीबी चालते म्हणतात पण ८ कर, आणि जुनी हार्ड डिस्क असेल तर एसएसडी घालूच, नाहीतर तू मला रोज शिव्या देशील. अडतं ते टीपीएमला, म्हणजे मशीनमधल्या सिक्युरिटीच्या चिपला. टीपीएम २.० पाहिजे, आणि असेंबल केलेल्या मशीनमध्ये ते असतं पण बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद असतं, इंटेलवाल्यांत पीटीटी नावानं. त्या पोरानं "तुमचं मशीन सपोर्ट करत नाही, नवं घ्या" म्हटलं असेल तर बहुतेक तेवढंच बघून म्हटलंय. दुसरं म्हणजे सर्चमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन टाईप कर, त्यात बायोस मोड अशी ओळ आहे, तिथं यूईएफआय म्हणजे नवी पद्धत दिसली तर उत्तम, लेगसी म्हणजे जुनी दिसली तर डिस्कची मांडणी एमबीआर या जुन्या प्रकारातून जीपीटी या नव्या प्रकारात करावी लागेल. विंडोजमध्येच एमबीआर२जीपीटी नावाचं टूल आहे, डेटा न उडवता करतं, पण क्रम पाळावा लागतो, आधी डिस्क बदलायची आणि मगच बायोसमध्ये यूईएफआय करायचं. उलटं केलं तर मशीन चालूच होत नाही आणि माणूस घाबरून भलतंच काहीतरी दाबतो. हे मी आल्यावरच करू, तू एकट्यानं हात लावू नको.

बायोसला हात लावायच्या आधी अजून एक बघायचं, बिटलॉकर किंवा डिव्हाइस एनक्रिप्शन, म्हणजे डिस्कला विंडोजचं कुलूप, चालू आहे का. मागं अंबडच्या एका वर्कशॉपमध्ये मला सकाळी सकाळी बोलावलं होतं. कोणीतरी संध्याकाळी बायोस अपडेट केलं आणि सकाळी निळी स्क्रीन, ४८ आकडी रिकव्हरी की टाका म्हणते. की होती मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर, आणि अकाउंट होतं आधीच्या अकाउंटंटचं, जो नोकरी सोडून गेलेला. त्याला शोधून की मिळेपर्यंत गाड्या गेटवर उभ्या आणि चलनं हातानं लिहीत होते. त्या मालकाचा चेहरा आठवला की अजून पोटात कसंतरी होतं. तेव्हा तुझं मशीन कोणाच्या अकाउंटवर आहे ते आजच बघ, त्या पोरानं स्वतःच्या ईमेलवर चालू करून दिलं असेल तर ते आधी तुझ्या नावावर करू. की कागदावर लिहून घ्यायची, आणि बायोसमध्ये जायच्या आधी बिटलॉकर सस्पेंड करायचं.

प्रत्यक्ष अपग्रेडमध्ये फार काही नाही. डीएससी टोकन (डिजिटल सहीचं), प्रिंटर, पेनड्राईव्ह सगळं काढून ठेवायचं, बाहेरचा अँटिव्हायरस काढायचा, सी ड्राईव्हला तीसेक जीबी मोकळी करायची, आणि "फाईल्स आणि अ‍ॅप्स ठेवा" हेच निवडलंय ना ते दोनदा वाचायचं. मग ते दोनचार वेळा रीस्टार्ट होतं, मधे एखाद्या टक्क्यावर अडकल्यासारखं वाटतं, तेव्हा बटण दाबून बंद करायचं नाही, डिस्कचा दिवा लुकलुकतोय तोवर बसून राहायचं. होम असेल तर होम, प्रो असेल तर प्रो, ओरिजिनल १० ला ११ फुकट मिळतं, म्हणून लायसन्सशिवाय विंडोज चालू करणाऱ्या त्या पोराच्या अ‍ॅक्टिव्हेटरची काही गरज नाही. असल्या अ‍ॅक्टिव्हेटरमधून व्हायरस येतात आणि तू त्याच मशीनवर बँकेचा पासवर्ड टाकतोस.

झाल्यावर जुनं विंडोज दहा दिवसांपर्यंत मशीनमध्येच पडून असतं, विंडोज डॉट ओल्ड या फोल्डरात, तेवढ्यात परत विंडोज १० वर जाता येतं. पण तुझं चक्र महिन्याचं आहे, १० दिवसांत तू डीएससी लावून एखादं रिटर्नही भरणार नाहीस, मग टोकनचा ड्रायव्हर बिघडलाय हे कळणार कधी? म्हणून त्याच दिवशी कमांड देऊन ती मुदत ६० दिवस करू, ते दहा दिवस संपल्यावर करता येत नाही. मधल्या काळात "जागा कमी आहे, साफ करू का" विचारलं तर विंडोज डॉट ओल्डला हात लावायचा नाही. आणि परत जायचीच वेळ आली तर आधी टॅलीचा त्या दिवसाचा बॅकअप.

डॉट मॅट्रिक्सचा बिलाचा कागद आपण कस्टम साईजनं बसवलाय, त्या सेटिंगच्या पानाचे मोबाईलनं फोटो काढून ठेव, आप्पांना बिल वाकडं आलेलं चालत नाही माहितीये. खताच्या पॉस मशीनचा ह्याच्याशी काही संबंध नाही, त्याची काळजी सोड.

मी मेमधल्या शनिवारी दुपारीच निघेन, द्वारका चौकाच्या गर्दीतून सुटलो की ओझरवरून तासाभरात तुझ्याकडे. शनिवारी रात्री इमेज, रविवारी अपग्रेड, सोमवारी सकाळी पहिली दोनचार बिलं तू माझ्यासमोर काढायची. राहायची सोय वहिनींना सांगून ठेव.

त्या पोराला आजच फोन करून नको म्हणून सांग, त्याचे येण्याजाण्याचे काही द्यायचे असतील तर देऊन टाक. आणि सिस्टिम इन्फर्मेशनच्या स्क्रीनचा फोटो उद्या पाठव, बायोस मोडची ओळ नीट वाचता आली पाहिजे.

तुझाच मित्र