टोकावर शिखर दिसले म्हणून सिद्ध झाले असे नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अतिअरुंद पट्ट्यांमधील टोपॉलॉजिकल अवस्थांवरचा (म्हणजे पदार्थाच्या अंतर्गत रचनेमुळेच त्याच्या कडांवर किंवा टोकांवर तयार होणाऱ्या इलेक्ट्रॉन-अवस्थांवरचा) लेख वाचला. ‘पट्टी जितकी अरुंद, तितका कडेने विनाअडथळा वीजप्रवाह’ हे त्यातले विधान मात्र उलटे आहे. द्विमितीय टोपॉलॉजिकल पदार्थाच्या कडांवर वीज वाहून नेणाऱ्या अवस्था असतात, हे खरे. पण रुंदी फारच कमी केली की समोरासमोरच्या कडांवरच्या इलेक्ट्रॉन-लहरी एकमेकींत मिसळतात, ऊर्जेत फट पडते आणि कडेचा मार्ग बंद होतो. जर्मेनीनच्या (जर्मेनियम अणूंच्या एकपदरी थराच्या) पट्ट्यांत ही मर्यादा सुमारे २ नॅनोमीटर आढळली. त्याखाली उरतात त्या दोन टोकांवरच्या अवस्था. त्या जागच्या हलत नाहीत, मग वीज कुठून नेणार?

या अवस्थांचे मूळ सू, श्रीफर आणि हीगर या भौतिकशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलेल्या अणुसाखळीच्या प्रारूपात आहे. तिच्यात कमजोर आणि मजबूत बंध आलटून पालटून येतात. शेवटचा बंध कमजोर असेल तर टोकाचा अणू जवळजवळ सुटा पडतो आणि तिथे अवस्था तयार होते. मजबूत असेल तर नाही. कमजोर बंध मजबुताच्या निम्मा असल्यास टोकाची लहर दर घटकाला (एक कमजोर आणि एक मजबूत बंध मिळून एक घटक) निम्मी होत १० घटकांत हजारावर एक इतकी उरते. गुणोत्तर ०.९ असेल तर तेवढ्याच अंतरावर ३५ टक्के शिल्लक! अशा आखूड तुकड्यात दोन्ही टोकांच्या लहरी एकमेकींपर्यंत पोचतात आणि मोजणीच्या आलेखात टोक-अवस्थेची खूण म्हणून दिसणारे शून्य ऊर्जेचे शिखर दुभंगते, म्हणजे एकाची दोन होतात.

खरी गोची मोजणीत आहे. टनेलिंग मायक्रोस्कोपमध्ये (अणूइतक्या बारीक जागी इलेक्ट्रॉन-अवस्था मोजणाऱ्या सुईच्या उपकरणात) ४.२ केल्विनला नुसत्या उष्णतेनेच शिखर सुमारे १.३ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट (ऊर्जेचे एकक) रुंदावते, ७७ केल्विनला २३. लॉक-इनचे मॉड्युलेशन (क्षीण संकेत टिपण्यासाठी व्होल्टेजला मुद्दाम दिलेले हेलकावे) १० मिलिव्होल्ट ठेवले तर ५ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टचा दुभंग दिसणारच नाही. ग्राफीनच्या (कार्बन अणूंच्या एकपदरी थराच्या) पट्ट्या सोन्यावर वाढवतात, पण धातूशी गुंतल्याने टोकाची अवस्था पसरट होते. म्हणून पट्टी वीज न वाहणाऱ्या मिठाच्या पातळ थरावर सरकवून मोजणे बरे. शिवाय तुटका बंध किंवा चिकटलेला परका अणूही तसलेच शिखर दाखवू शकतो. तो ओळखायचा लांबी बदलून: खऱ्या टोक-अवस्थांचा दुभंग लांबीबरोबर झपाट्याने घटतो, स्थानिक दोषाला लांबीचे सोयरसुतक नसते.

पुढच्या वेळी शिखराच्या चित्राखाली तापमान, मॉड्युलेशन आणि पट्टीची लांबी छापावी, आणि चित्र दोन्ही टोकांचे द्यावे.

आपला,
एक वाचक