सिनेमांची आणेवारी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी आपल्या पुरवणीत 'सरत्या वर्षातले दहा उत्तम सिनेमे' अशी यादी आली होती. दहांपैकी तीन मी पाहिलेत. नवव्या क्रमांकावरचा सिनेमा लागून, मी मोजलं, फक्त नऊ दिवस झाले होते. नऊ दिवसांच्या सिनेमाला वर्षाचा क्रमांक देणं म्हणजे भात चिकात असताना, दाणा भरायच्या आधीच, खळ्यावरचं माप लिहून मोकळं होणं. हे मी गमतीनं म्हणत नाही. माझी उभी नोकरी मापं लिहिण्यात गेली.

मी महसूल खात्यात तलाठी म्हणून लागलो आणि २०१७ साली मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालो. ठाणे जिल्हा तेव्हा आत्ताएवढा आटोपशीर नव्हता; १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा होईपर्यंत जव्हार, मोखाडा, तलासरी सगळं आमच्यातच. पीक किती आलं हे ठरवायची आमच्याकडे एक रीत आहे, पैसेवारी. गावकरी अजून आणेवारीच म्हणतात आणि मीही तेच म्हणतो. ती एकदा काढून भागत नाही. आधी नजरअंदाज, म्हणजे बांधावर उभं राहून पिकाकडे बघून केलेला. मग सुधारित. मग कापणी, झोडपणी, वजनकाटा झाल्यावर अंतिम. पन्नास पैशांच्या, म्हणजे सोळांपैकी आठ आण्यांच्या खाली गेलं की टंचाई. आणि भाताची आणेवारी भाताच्याच प्रमाण उत्पन्नावर काढायची, नाचणीच्या नाही. नजरअंदाजाला बारा आणे दिसलेलं शेत कापणीला सहावर आलेलं मी कितीदा पाहिलंय. वरून हिरवंगार, लोंब्या निम्म्या पोकळ.

तर गेल्या १ जानेवारीला मी एक वही घातली. अट एकच: सिनेमा या वर्षी मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलेला असावा. तो १९३६ चा असो की काल लागलेला. रकाने आखले: तारीख, सिनेमा, साल, कुठे पाहिला, सोबत कोण, नजरअंदाज, सुधारित, अंतिम, शेरा. नजरअंदाज दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी. सुधारित महिन्याभरानं, आधीचा आकडा पोस्टकार्डानं झाकून. अंतिम सगळे एकत्र, २० डिसेंबरनंतर. वर्षअखेरीला ४१ सिनेमे झाले. त्यातले २०२५ सालचे नऊ. आपली यादी त्या नवांपुरती. माझं वर्ष एकेचाळीसचं होतं.

इतके जुने सिनेमे माझे 'पहिल्यांदा' कसे, असं कुणी विचारील. मोखाडा तालुक्यात मी ज्या सजावर, म्हणजे तलाठ्याकडच्या गावांच्या गटावर, होतो तिथून थिएटर म्हणजे एसटीनं अर्धा दिवस. आमची ही ठाण्यात नौपाड्यात वाढलेली, तिनं कॉलेजात असताना मैत्रिणींबरोबर सगळं पाहून घेतलेलं. त्यामुळे वर्षभर आमच्या घरी एकच संवाद चालला. मी म्हणायचो, "काय सिनेमा आहे!" ती म्हणायची, "अहो, मी हा पाहिला तेव्हा तुम्ही जंगलात होतात."

आधी पडझडीचं सांगतो, कारण वहीचा खरा उपयोग तिथे कळला. मार्चमध्ये सुनेनं एक रहस्यपट लावला. रात्री साडेबारापर्यंत आम्ही तिघं जागचे हललो नाही. नजरअंदाज: पंधरा आणे. सुधारित: नऊ. डिसेंबरात अंतिम काढायला बसलो तर खून कोणी केला तेच आठवेना. खून झाला होता एवढं नक्की. सुनेला विचारलं, तिलाही आठवेना. अंतिम पाच आणे, शेऱ्यात 'टंचाई'. एका भव्य ऐतिहासिक सिनेमाचंही तसंच झालं. त्यातल्या तलवारी इतक्या सावकाश फिरत होत्या की तेवढ्यात मी उठून गॅस बंद करून आलो.

आता उलट बाजू. अकिरा कुरोसावांचा 'इकिरू', १९५२ सालचा जपानी सिनेमा. मुलानं मे महिन्यात मोबाइलवरून टीव्हीवर लावून दिला. खाली इंग्रजी अक्षरं. मी वाचेपर्यंत ती पुसली जायची, म्हणून सून मराठीत सांगत होती आणि ही समोर मेथी निवडत बसली होती. वातानाबे नावाचा नगरपालिकेतला एक खातेप्रमुख. टेबलावर कागदांचे डोंगर, आणि हा शिक्के मारतोय. वस्तीतल्या बायका तुंबलेल्या सांडपाण्याचा अर्ज घेऊन येतात. याचा विभाग त्याच्याकडे, त्याचा आणखी कुणाकडे, असं फिरत फिरत त्या पुन्हा पहिल्याच खिडकीशी येतात. मी मोठ्यांदा हसलो. पुढे त्याला पोटाचा कॅन्सर निघतो, आणि उरलेल्या दिवसांत त्या घाणीच्या जागी मुलांसाठी बाग करून घ्यायचं तो मनावर घेतो. बर्फ पडतंय आणि तो त्या बागेतल्या झोक्यावर बसून गाणं म्हणतोय, ते चित्र अनेकांनी पाहिलं असेल.

पण नायक मेल्यावर सिनेमा जवळजवळ पाऊण तास चालतो. त्याच्या दुखवट्याला जमलेले सहकारी पीत बसलेत आणि बागेचं श्रेय कोणाचं यावर वाद घालताहेत. मला ते लांबण वाटलं. डुलकीही लागली. नजरअंदाज: अकरा आणे, शेरा 'उत्तरार्ध आटोपता हवा'.

जूनमध्ये सुधारित लिहायला बसलो तर तीच लांबण तेवढी आठवत होती. दारू चढल्यावर सगळे शपथ घेतात की आपणही उद्यापासून असंच काम करायचं. दुसऱ्या दिवशी कचेरीत खुर्चीवर नवा साहेब, आणि अर्ज पुन्हा दुसऱ्या खात्याकडे. एक जण रागानं उठून उभा राहतो. सगळे त्याच्याकडे बघतात. तो हळूच खाली बसतो, आणि कागदांच्या गठ्ठ्याआड दिसेनासा होतो.

मोखाड्याला असताना एक बाई वारस नोंदीसाठी तीनदा आली होती. नवरा गेलेला, सातबाऱ्यावर नाव लावायचं. पहिल्यांदा मृत्यूचा दाखला नव्हता. दुसऱ्यांदा दाखला होता, त्यात नावात चूक. तिसऱ्यांदा सगळं बरोबर होतं, पण त्या दिवशी तहसीलला मीटिंग, मी मोटारसायकलला किक मारत होतो. "पुढच्या आठवड्यात ये," म्हणालो. ती आठ मैल चालत आलेली होती. हे मला तेव्हाही माहीत होतं, कारण तिच्या पायांवर गुडघ्यापर्यंत लाल चिखल वाळलेला होता. गाव नमुना सहा-क मध्ये, म्हणजे वारसांच्या नोंदवहीत, तिची नोंद मी पुढे केली, महिन्यानं. बेकायदा काहीच नव्हतं त्यात. सुधारित: पंधरा. अंतिम: सोळा. एकेचाळिसांत सोळा आणे याला एकट्याला. शेऱ्याच्या रकान्यात 'उत्तरार्ध आटोपता हवा' हे वाक्य मी खोडलेलं नाही, शेजारी सही करून तारीख टाकली आहे. खाडाखोडीची आमची तीच रीत.

दुसरा क्रमांक प्रभातच्या 'संत तुकाराम'चा. दामले-फत्तेलालांचा, १९३६ चा. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. माझी कल्पना होती की हात जोडून बघायचा सिनेमा असणार. तुकाराम झालेले विष्णुपंत पागनीस आहेतच, पण सिनेमा खाल्लाय गौरीबाईंच्या जिजाईनं. पोर आजारी, घरात दाणा नाही, आणि ती चप्पल उगारून देवळात विठोबाला जाब विचारायला जाते. आमची ही मेथी बाजूला ठेवून म्हणाली, "बरोबर आहे बाईचं." शेवटी नवऱ्याला न्यायला वैकुंठाचं विमान येतं, तरी जिजाईला तिचा संसार सुटत नाही. नजरअंदाज चौदा, अंतिम साडेपंधरा. याची ध्वनिफीत ऐकताना मात्र कान टवकारावे लागतात. मराठीतल्या जुन्या सिनेमांच्या धड प्रती कुठे आणि कशा बघायला मिळतील, यावर आपल्या पुरवणीत कुणी लिहील काय?

तिसरा 'साबर बोंडं'. रोहन कानवडे यांचा. २०२५ च्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागात ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालेला. साबर बोंडं म्हणजे निवडुंगाची फळं; नावावरून मी शेतीचा समजून गेलो होतो. वडील गेल्यावर मुलगा सुतकाचे दहा दिवस काढायला गावी येतो, आणि तिथे त्याला लहानपणचा मित्र भेटतो. ते नुसते मित्र नाहीत हे कळायला मला वेळ लागला, हिला लागला नाही. थिएटरात आम्ही धरून सात माणसं. मी खुर्चीत चुळबुळत होतो, कबूल करतो. नजरअंदाज: आठ आणे, जेमतेम टंचाईच्या काठावर. परतताना रिक्षात ही एवढंच म्हणाली, "त्या आईला सगळं माहीत होतं. किती सोपं ठेवलं तिनं." हे वाक्य मी शेऱ्यात लिहिलं. नंतर भाऊबंदांत एक दहावा झाला, तिथे लग्नाचं वय झालेल्या एका पोराला बायामाणसं घेरून "तुझं कधी?" विचारत होती आणि तो ताटातल्या भाताकडे बघत होता. सुधारित बारा, अंतिम पंधरा. मी माझ्या हातानं लिहिलेले आठ आणे वहीत तसेच आहेत, माझी मला लाज वाटावी म्हणून.

'जैत रे जैत' चौथा. गोनीदांच्या, म्हणजे गो. नी. दांडेकरांच्या, कादंबरीवरचा, जब्बार पटेलांचा. शहापूर-मुरबाडकडे ठाकरांच्या वाड्यांत माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळे मी चुका काढायलाच बसलो होतो. लुगडी मला जरा फारच स्वच्छ वाटली. पण कवी ना. धों. महानोरांची गाणी सुरू झाली आणि राणीमाशीवर सूड घ्यायला निघालेला नाग्या कड्याला लटकला तेव्हा मी चुका मोजायचं सोडलं. स्मिता पाटील बोलायच्या आधी त्यांची मान बोलते. 'सिंहासन' पाचवा, आमच्या कचेरीत त्यातल्या पत्रकार दिगू टिपणीसाचे दाखले सगळे द्यायचे आणि मी न पाहता मान डोलवायचो. ते एक कर्ज फिटलं.

'दशावतार'ला तेरा आणे दिले, त्यातले बारा दिलीप प्रभावळकरांचे. बाकी क्रमवारी देऊन जागा अडवत नाही.

मात्र एक तक्रार नोंदवतो. सप्टेंबरात आम्ही एका मराठी सिनेमासाठी ठाण्यातल्या एका मोठ्या मॉलमध्ये गेलो. दिवसभरात त्याचे खेळ दोन: सकाळी ९.५० आणि रात्री १०.५५. सकाळचा धरला. तिकीट हातात असताना खिडकीवरचा मुलगा म्हणाला, "अंकल, चारच लोक आहेत, शो होणार नाही." पैसे परत मिळाले, रिक्षाचे कोण देणार? मराठी सिनेमाला दुपारी १२ ते रात्री ९ या वेळात पडदा मिळावा असं सरकारनं २०१५ साली ठरवलं होतं ना? सकाळी ९.५० ला बघायला येणार कोण, आम्ही पेन्शनर. आणि मग म्हणायचं मराठी सिनेमाला प्रेक्षक नाही. पूर्वी गावात 'वंदना'सारखी टॉकीज होती तेव्हा खेळाची वेळ पाठ असायची. आता 'वंदना' म्हटलं की रिक्षावाला थेट एसटी स्टँडवर नेतो. माझा तो सिनेमा राहिला तो राहिलाच. तोही आता कधीतरी टीव्हीवर 'पहिल्यांदा' पाहीन.

तेव्हा विनंती अशी. तज्ज्ञांची दहांची यादी खुशाल छापा, पण पुढच्या डिसेंबरात एक पान वाचकांना द्या. त्या वर्षी पहिल्यांदा पाहिलेले सिनेमे, सालाची अट नको. प्रत्येकानं कुठे पाहिला आणि सोबत कोण होतं हे लिहावं. आणि दोन आकडे द्यावेत, एक पाहिल्या रात्रीचा आणि एक महिन्यानंतरचा. तारे नकोत, पाच ताऱ्यांत सगळेच साडेतीनला येऊन थांबतात. आण्यांत सोळा पायऱ्या आहेत. सुनेला आणा म्हणजे काय ते समजावायला लागलं, पण आता ती वरणालाही आणे देते.

नवी वही घातली आहे. पहिली नोंद 'उंबरठा', १९८२. हिनं तो लागला तेव्हाच पाहिलेला, त्यामुळे तिच्यासाठी नियमात बसत नाही. तिला म्हटलं, तुझा आकडा कुठे लिहू? म्हणाली, "मी काही लिहून ठेवलं नव्हतं. पण त्या रात्री घरी येऊन मी आईशी भांडले होते, ते लिहा." शेऱ्याचा रकाना पुरला नाही, पुढच्या पानावर गेलो आहे.

कळावे,
आपला एक जुना वाचक
(निवृत्त मंडळ अधिकारी)
कोपरी, ठाणे (पूर्व)