भोरडी दिसली इथं

आई, बाबा,

फोनवर नुसतं "जेवलास का, थंडी हाय का" यातच वेळ जातो म्हणून लिहितोय. आई, मोठ्यानं वाच गं, बाबा कानातलं मशीन घालत नसणार माहितीय मला.

चार दिवस सुट्टी टाकून शेटलंडला आलोय. अबर्डीनहून रात्रभर बोट, 12 तास, त्यातली अर्धी रात्र मी बादली धरूनच होतो, ते जाऊ दे. स्कॉटलंडच्या पण वर, शंभरावर बेटं आणि माणसं राहतात फक्त 16 वर. झाडं जवळपास नाहीतच. ऑक्टोबरात पूर्वेचा वारा सुटला की सायबेरियाकडची वाट चुकलेली पाखरं इथं येऊन टेकतात, जास्त करून यंदाचीच पिल्लं, पहिलाच प्रवास. काल पिवळ्या भुवईचा एक वटवट्या बघितला, वजन 6-7 ग्रॅम, एवढ्या वाऱ्यात टिकला कसा देव जाणे.

पण सांगायचं ते वेगळंच. व्हॉल्सी नावाच्या बेटावर एका घराच्या कुंपणाशी सात-आठ जण दुर्बिणी लावून चिखलात उभे, सगळे गप्प. मी पण घुसलो. बघतोय तर साळुंकीएवढं, मळक्या वाळूच्या रंगाचं, पिवळ्या चोचीचं एक पोर गवतात काहीतरी उकरतंय. शेजारचा म्हातारा कुजबुजला, "रोझी स्टारलिंग." अहो बाबा, भोरडी! आपल्या शिरोळच्या रानात शाळू हुरड्याला आला की थव्यानं उतरायच्या, तुम्ही माळ्यावर उभं राहून गोफण फिरवायचा आणि मी खाली तेलाचा डबा बडवायचो, तीच. मोठी झाली की गुलाबी होते ना, म्हणून आधी ओळखलीच नाही. तिची बाकीची जमात मध्य आशियातनं निघून आपल्याकडं कधीच पोचली असणार, हे येडं उलटं आलं.

इथं पण अगदीच दुर्मिळ नाही म्हणे, दरवर्षी थोड्या येतात. तरी मी त्या म्हाताऱ्याला सांगून टाकलं, माझे वडील हिला दगड मारायचे. त्यानं असं बघितलं की बोटीतनं ढकलतोय का काय वाटलं. मग हळूच विचारतो, "एकावेळी किती असायच्या?" हजार तरी, म्हटलं. गपगार झाला.

तर बाबा, यंदा गुडघ्याचं बघून माळ्यावर चढू नका, काकांच्या पोराला चढू दे. तुम्ही बांधावर बसून नुसत्या मोजा आणि आकडा कळवा, त्या म्हाताऱ्याला मेल करायचाय.

तुमचा,
बाळ्या